मानाची खुर्ची आणि मधला खांब

आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, मैदानाला नवी गॅलरी झाली आणि त्या दिवसापासून आम्हाला क्रिकेट दिसायचं बंद झालं. अतिशयोक्ती करत नाहीये. हवं तर येऊन बसून बघा.

गॅलरी बांधणारे आमच्याच गावचे. जन्मभर त्यांनी घरं बांधली, तेव्हा गॅलरीसुद्धा घराच्या पडवीसारखीच बांधली. चिऱ्यांचे हे जाडजूड खांब, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून पुढून पार खाली उतरवलेले पत्रे. आता पावसात आमच्याकडे क्रिकेट खेळतो कोण? भातकापणी झाली की टेनिस बॉलचे सामने सुरू होतात आणि पावसाआधी बॅटी माळ्यावर जातात. पण कमिटीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नाही. आलं असतं तरी फरक पडला नसता म्हणा. कोकणात छप्पर घालायचं म्हणजे पावसासाठीच, दुसरं काही आम्हाला सुचतच नाही. पावसाळ्यात ती गॅलरी आतून ठणठणीत कोरडी असते आणि तिथे गुरं निवांत रवंथ करत बसतात.

माणसांचे मात्र हाल. चेंडू जरा वर उडाला की पत्र्याआड गेलाच. मग सगळे क्षेत्ररक्षकाच्या तोंडाकडे बघत बसणार आणि त्यावरून ओळखणार, कॅच झाला की सुटला. एक म्हणतो सिक्स, दुसरा म्हणतो आऊट, आणि तिसरा उठून बाहेर उन्हात बघायला जातो. ज्यांना खरंच सामना बघायचा असतो ते गॅलरीत चपला ठेवून बाउंडरीच्या दोरीजवळ उभे राहतात.

त्यातून मानाच्या खुर्च्या! गावासाठी जे खेळले त्या जुन्या खेळाडूंना पुढच्या रांगेत लाल कापड घातलेल्या खुर्च्या. ज्याचा मान सगळ्यात मोठा, त्याची खुर्ची मधोमध. आणि मधोमध काय? तर मधला खांब. ती मधली खुर्ची आमच्या ह्यांची.

एके काळी आमचे हे गावचे फास्ट बॉलर. देवबागेपासून रेडीपर्यंत त्यांना ओळखायचे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठी आणि माझा खांदा, दोन्ही असल्याशिवाय चालता येत नाही. बोलतात, पण जीभ जड झाली आहे, म्हणून मोजकंच. आता त्यांच्या जागी आमचा मुलगा बॉलिंग टाकतो. पण सामन्याचा दिवस आणि ह्यांची तब्येत यांचं काही जमेना, त्यामुळे मुलाला त्यांनी मैदानावर कधी बघितलंच नव्हतं. यंदा तब्येत जरा बरी झाली, मी रिक्षा ठरवली आणि सेमीफायनलला त्यांना घेऊन गेले. पोरांनी उचलून नेऊन मानाच्या खुर्चीत बसवलं. मी मागे बायकांच्या रांगेत बसले.

घरी आल्यावर मी मुलाबद्दल विचारलं, "झील दिसलो मां?"

"आवाज आयकलंय," हे म्हणाले.

 मला जो राग आला, तो विचारू नका. मुलगा पुढच्या आठवड्यात जहाजावर रुजू होणार, म्हणजे आठ-नऊ महिने घरी येणार नाही. मध्ये राहिली एकच फायनल. तेवढी एक मॅच बापाला दिसायला हवी, बाकी मला कुणाचं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या पोरांना गाठलं. म्हटलं, ह्यांची खुर्ची बाजूला घ्या, दोन हात सरकवा, बस्स. पोरं म्हणाली, "काकी, खुर्ची हलयली तर काकांचो मान हलयल्यासारखा होयत. उद्या गाव काय म्हणात?" घरी येऊन ह्यांनाच सांगितलं, तुम्हीच उठा आणि दोरीजवळ बसा. तर हे माझ्यावरच डोळे वटारतात! "गावान दिलली खुर्ची... मी कशी सोडू?" आता बोला. ज्याला दिसत नाही तोच उठायला तयार नाही. मानाच्या रांगेतले बाकीचे तीन म्हातारेही तसेच. एकाची मान डावीकडे वाकून वाकून आखडली होती, घरी जाऊन तेल चोळून घेत होता, पण उठायचं नाव नाही.

फायनलच्या सकाळी मी लवकर मैदानावर गेले. आमच्याकडे कुठलीही गोष्ट गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, गावातल्या मानकऱ्याने देवाला मोठ्याने सांगणं करायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे मानकरी, ज्यांना सगळं गाव काका म्हणतं, नारळ सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन सरळ सांगितलं, "काका, आज देवाक आमच्या खांबाचा पण सांगा."

काका हसायला लागले. "अगो, गाऱ्हाणा देवाक घालतत, कमिटीक न्हय."

"कमिटी आयकणा नाय म्हणान तर देवाक," मी म्हटलं. "आमच्या ह्यांका झील बघूचो आसा. तो जहाजार जातलो."

काकांचं हसू थांबलं. नारळ खाली ठेवून ते म्हणाले, "खरा सांगू? माझी खुर्ची त्याच खांबाच्या बाजूक. माका सुदीक काय दिसणा नाय गो."

दोन्ही टीम रांगेत उभ्या राहिल्या. ह्यांना पोरांनी खुर्चीत आणून बसवलं होतं. काकांनी हात जोडले आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, आज हय जो खेळ मांडलेलो आसा, तो तुझ्या साक्षीन मांडलेलो आसा म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "खेळणाऱ्या पोरांच्या हातापायाक काय होवूक देव नको रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" मग काकांनी श्वास घेतला.  "आणि ह्या नव्या गॅलरीत मानाच्या खुर्च्येर बसान जेंका खांबाशिवाय कायच दिसणा नाय, तेंका मानासकट भायर घेवन ये, आणि तेंच्या डोळ्यांका खेळ दाखय रे म्हाराजा!"

अर्ध्या लोकांना हसू फुटलं, पण तोंडातून सवयीने निघून गेलंच, "होय म्हाराजा!" सगळ्या मैदानाने म्हटलं. कमिटीने म्हटलं. समोर खेळायला आलेल्या रेडीच्या टीमनेही म्हटलं.

एकदा गाव देवासमोर होय म्हणालं की संपलं. ते करायलाच हवं, आणि त्यात कुणाचा मानही जात नाही. नारळ फुटला तसे कमिटीचेच चौघे पुढे आले आणि त्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं. हे डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. त्यांच्यामागून काका आपली खुर्ची स्वतः उचलून निघाले आणि मग अख्खी मानाची रांग उन्हात दोरीजवळ येऊन बसली. अंपायर ओरडला, "थोडे मागे, थोडे मागे!" पण कोण ऐकतो? मी छत्री उघडून ह्यांच्या डोक्यावर धरली.

आमच्या मुलाला बॉलिंग मिळाली ती अगदी शेवटची ओव्हर. सामना अटीतटीला आला होता. तो रनअपच्या टोकाला गेला, बॉल शर्टाला पुसला, आणि आमच्या ह्यांनी मान वर केली.

आता खरं सांगते. मी ती ओव्हर बघितलीच नाही. मी ह्यांचा चेहरा बघत होते. मुलगा धावत यायला लागला की ह्यांची हनुवटी पुढे यायची, बॉल सुटला की डावा खांदा हलायचा. एकदा तोंड वाकडं झालं, एकदा डोळे मिटले. आणि मग अचानक ते एवढे हसले, एवढे हसले, की झटका आल्यापासून तसं हसणं मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजूबाजूला एकच आरडाओरडा उठला, लोक दोरी ओलांडून आत धावले, ढोल वाजायला लागले. मला कळेना, जिंकलो की हरलो.

मी खाली वाकून विचारलं, "अवो, काय झाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू खंय बघी होतस?"

"तुमच्याकडे."

 त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि त्या जड जिभेने एकेक शब्द उचलत मला सांगायला लागले. पहिला बॉल आखूड टाकल्यान, मार खाल्ल्यान. दुसरो वाईड गेलो. मगे डोक्या चालयल्यान, त्या पोराच्या पायाकडे बघल्यान, आणि थयच टाकल्यान, पायात. दांडी उडाली, नि मॅच आपली. प्रत्येक बॉल सांगितला, एकही सोडला नाही. मध्ये शब्द अडकला की मी थांबायचे, ते तो शोधून आणायचे. त्या दिवशी देवाचे, काकांचे, त्या चार पोरांचे आणि होय म्हणणाऱ्या सगळ्या गावाचे किती उपकार मनात आले, ते मला सांगता येणार नाही.

सगळं सांगून झाल्यावर ते दमून मागे टेकले. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि म्हटलं, "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.