हनुवटीवरचा तिसरा ठिपका

माझ्या हनुवटीवर गोंदणाचे दोन ठिपके आहेत. हवे होते तीन. नऊ वर्षांची असताना आईने मला अंबाडी गावच्या बाजारात गोंदणारणीपुढे बसवलं. हट्ट माझाच, कारण सगळ्या मैत्रिणींचं गोंदून झालं होतं. दोन ठिपके होईपर्यंत मी बाजार डोक्यावर घेतला आणि तिसऱ्याआधी तिच्या हाताला चावून पळाले. अशी शूर मी!

लग्नानंतर सासूने पहिल्याच दिवशी हनुवटी धरून विचारलं, "तिसरा कुठं गो? माह्यारी इसरलीस का?" मग मी रोज सकाळी काजळाने तिसरा काढू लागले. भाताच्या लावणीला वाकलं की घामाने तो गळ्यापर्यंत ओघळायचा आणि मी बोकडासारखी दिसायचे. तरी ऐट काय सांगू! वाटायचं, सगळं शेत माझ्याकडेच बघतंय. बघत होतंच. हसत होतं.

म्हणून सत्तरी उलटल्यावर त्याच जागी आपोआप तिसरा ठिपका उगवला, तेव्हा मी गल्लीभर मिरवलं, "देवानं राहिलेलं काम पुरं केलं!" सून म्हणाली, "आई, गोंदण पसरलं असेल." आमच्यात म्हाताऱ्या बायकांचं गोंदण पसरतंच, त्यामुळे कुणी नीट बघितलं नाही.

बघितलं ते पार्लरवाल्या पोरीने. कामतघरला पिठाच्या गिरणीवर तिचं पार्लर. शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड चालू असताना खुर्चीसुद्धा थरथरते. दिवाळीत नातीने मला तिथे नेऊन पहिलं फेशियल करवलं आणि मला चटकच लागली. नातीच्या हळदीला पंधरा दिवस उरले तेव्हा मी पुन्हा जाऊन बसले. तोंडाला क्रीम लावता लावता पोरीचा हात थांबला.

"आजी, हा खालचा ठिपका कधीपासून?"

"तो देवाघरचा हाय. घासू नको, जाईल."

"गोंदण हिरवं असतं. हा काळा आहे, आणि कड बघा, कुरतडल्यासारखी."

ती प्रत्येक फेशियलआधी गिऱ्हाइकाचा फोटो काढून ठेवते. तिने मोबाइलवर दिवाळीतला माझा फोटो उघडला. तेव्हा ठिपका मोहरीएवढा होता. आता तुरीच्या डाळीएवढा.

"रक्त येतं का कधी?"

"टॉवेल लागला की येतं जरासं. म्हातारी कातडी ना गो."

तिने ओल्या कापसाने क्रीम पुसून टाकलं. "मी डॉक्टर नाही, काही नसेलही. पण असा वाढणारा, रक्त येणारा डाग दिसला की हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं, हे आम्हाला कोर्समध्ये शिकवलंय."

"हळद होऊ दे, मग जाते."

"उद्याच. नाहीतर हळदीला तुमच्या भुवया मी करणार नाही."

आणि माझ्यादेखत तिने सुनेला फोन लावला. चहाडखोर!

डॉक्टरांनी ठिपक्याचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. लेक दवाखान्याच्या जिन्यातच बसला. डॉक्टर म्हणाले, "हा हळू वाढणारा आहे आणि लवकर सापडलाय. एवढा कापून काढला की बहुतेक काम झालं."

हळदीआधीच त्यांनी ठिपका कापून काढला. या वेळी पळून जायला गुडघेच नव्हते. हळदीला मी हनुवटीला पट्टी लावून नाचले. पट्टीवर हळद सांडली म्हणून सून ओरडली, तर मी आणखी नाचले. नातीच्या लग्नानंतर रिपोर्ट आला. मुळासकट निघाला होता.

जखम भरल्यावर पेढे घेऊन पार्लरला गेले. पोरीने सवयीने आधी फोटो काढला. दोन हिरवे ठिपके, खाली एक पुसट रेघ. तिने डोळे पुसले आणि काजळाची कांडी उचलली.

"आजी, तिसरा काढू?"

मी हनुवटी पुढे केली. "काढ गो. या वेळी चावणार न्हाय."