आईनं हात पुढं केला नाही

माझे वडील जिवंत असताना आम्ही त्यांना जाळलं होतं.

घाबरू नका. जाळला तो पळसाच्या पानांचा पुतळा.

दुसऱ्या महायुद्धात आबा बर्माच्या आघाडीवर होते. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात सरकारी कागद आला, आबा 'मिसिंग'. दोन वर्षं वाट बघून आज्जानं, म्हणजे आबांच्या वडिलांनी, ठरवलं की पोरगा गेला. देह हाती लागला नाही, तर असा पुतळा करून क्रियाकर्म उरकायची रीत होती.

आई ओरडत होती, "मेलं असं कुठं लिवलंय? ह्ये जित्ते हायती!"

कुणी ऐकलं नाही. चार बायकांनी तिला धरून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. बावीस वर्षांची होती ती.

पुढची दोन वर्षं तिनं त्याच घराच्या भाकऱ्या थापल्या, आजारी सासूचं सगळं केलं. घरात कार्य निघालं की तिला मात्र मागच्या दारी बसवायचे.

लढाई संपली आणि एका दुपारी आबा चालत गावात आले. जपान्यांच्या कैदेतून सुटलेले. नुसती हाडं, त्यात हिवताप.

भटजी म्हणाले, क्रियाकर्म झालेल्या माणसाचं आधी परत बारसं, मग त्याच बायकोशी परत लग्न. तोवर दोघांनी एका छताखाली राहायचं नाही.

आजीनं मिशीवाल्या लेकाचं बारसं केलं. हसू नका, खरंच केलं.

लग्नाचा दिवस धरला. कासार हिरवा चुडा घेऊन आला.

आईनं हात पुढं केला नाही.

"मामंजी, फोडताना मला इचारलं न्हाई. आता भरतानाबी न्हाई? ज्येंनी फोडाय लावल्या, त्येंनी चारचौघांत म्हणावं, चुकलं."

आज्जा भडकला. "सासऱ्यानं सुनंची माफी मागायची? कवा ऐकलंय का असलं?"

कासार तसाच परत गेला. आबा मारुतीच्या देवळात राहिले.

रोज मी त्यांची भाकरी घेऊन जायची. ते तापानं कुडकुडत असायचे. आईवर चिडले मात्र कधीच नाहीत. म्हणायचे, "तुझ्या आयेचं बरुबर हाय. म्या थांबतो."

मला ते कळत नव्हतं. सात वर्षांची होते. आबा परत मरतील, एवढीच धास्ती होती. नदीवर बायका जे कुजबुजायच्या, ते मी एक दिवस घरी येऊन आईच्या तोंडावर बोलले.

"तुला मोकळं कपाळच गोड लागतंय."

तिनं मला मारलं नाही. परातीतलं पीठ मळत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सतरा दिवस गेले. भुईमूग काढायचं काम चालू होतं. दहा-बारा बायका रानात होत्या, त्यांच्यासमोर आज्जा आईजवळ मातीत बसला. बराच वेळ शेंगाच तोडत होता.

मग म्हणाला, "पोरी, तू जित्ता म्हणत हुतीस. म्या ऐकलं न्हाई. लय चुकलं."

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"कासाराला बोलवा," म्हणाली.

आईला जाऊन आज आठ वर्षं झाली. पंच्याण्णव वर्षांची होऊन गेली. फेसबुकवर तिचा फोटो टाकून 'माझी प्रेरणा' वगैरे लिहिणार होते. पण लाज वाटली.

आज्जासारखा ताठ माणूस मातीत बसून बोलला. मी तिच्याबरोबर सत्तर वर्षं काढली, शेवटी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि ते एक वाक्य मागं घ्यायचं धाडस मला झालं नाही. तिला आठवत नसेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. तिला सगळं आठवत होतं.

म्हणून आज इथं, तुम्हा सगळ्यांसमोर लिहिते.

आये, चुकलं माझं.