खंडेनवमीचं यंत्र

बडोद्याच्या नागरवाड्यातली वसुंधरा गुप्ते तिथल्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. लग्नाचं वय तिनं मोहरीएवढ्या स्फटिकापायी घालवलं असं नातेवाईक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पदार्थ तिनं स्वतः बनवलेला, तोवर कुणीच न बनवलेला. त्याच्या पोटात अणू कसे बसलेत हे सगळ्यांआधी आपण पाहावं, एवढीच तिची हाव होती. त्याला क्ष-किरणांचं यंत्र लागतं, आणि ते त्या कॉलेजकडे कुठून असणार?

मग एका परदेशी संस्थेनं गरीब देशांना आपली जुनी यंत्रं द्यायचं ठरवलं. वसुंधरानं वर्षानुवर्षं विनवण्या केल्या, तिकडे जाऊन यंत्र चालवायला शिकून आली. ऐंशीचं दशक सरता सरता यंत्र बडोद्यात पोचलं, तेही ऐन नवरात्रात. विभागप्रमुख जयवंतरावांनी फर्मावलं, खंडेनवमीला याची पूजा होईल, मगच बटण दाबायचं. तिनं आपला स्फटिक आत बसवून ठेवला.

पूजेला बडे पाहुणे आले. जयवंतरावांनी नारळ फोडला आणि पाणी यंत्रावर असं शिंपडलं, की ते जाळीतून थेट आत गेलं.

"सर, आज चालू करू नका," वसुंधरा म्हणाली. "आत हजारो व्होल्ट खेळतात. आधी वाळू द्या."

"वसुंधराबेन, पाहुणे उभे आहेत. देवाच्या पाण्यानं कधी काही बिघडतं का?"

आणि त्यांनी बटण दाबलं. धाडकन आवाज झाला, जळका वास सुटला. क्ष-किरणांची नळी गेली, आणि नवी नळी देणं काही त्या संस्थेच्या योजनेत बसत नव्हतं.

जयवंतरावांनी परदेशी लोकांना कळवलं, की बाईंना यंत्र नीट शिकताच आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! वर हेच गृहस्थ गरीब देशांत विज्ञान कसं रुजवावं यावर परदेशात भाषण ठोकून आले. सांगतानाही तळपायाची आग मस्तकात जाते. पुढे दुसऱ्याच देशातल्या कुणीतरी तोच पदार्थ बनवला, तपासला, छापला. वसुंधरानं ते ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचलं आणि ती तासाला गेली.

यंत्र मात्र कुणी हलवलं नाही. दर खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडे, आणि पूजेचं ताट वसुंधराच्याच हाती येई. तो तिचा मान आहे, असं जयवंतराव सगळ्यांना सांगत.

तिच्या निवृत्तीच्या वर्षी एका नव्या मुलीनं विचारलं, "बेन, हे मशीन काय करतं?"

वसुंधरानं कुंकवाचं बोट यंत्राला टेकवलं.

"काही नाही. याची पूजा होते."