कार्बोरेटरची बाजू घेणाऱ्या वन्सं

सिल्वासातल्या प्रत्येक माणसाशी एकदा तरी वाद घालून झालेली एकच व्यक्ती असेल, तर ती आमच्या घरात राहते. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या वन्सं. मूळच्या रत्नागिरीकडच्या. इथल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला आल्या, निवृत्त झाल्या आणि परत गेल्याच नाहीत. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर ते का करायचं हे कुणाला नीट सांगता आलं नाही म्हणून, असं उत्तर मिळतं. भाजीवाली वांगी ताजी आहेत म्हणाली की वन्सं तिला "कशावरून?" विचारतात. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तर त्यांची उलटतपासणी चालते आणि बाहेर बाकीचे पेशंट ताटकळतात. माझे यजमान कारखान्यात अख्ख्या खात्यावर आवाज चढवतात, पण घरी पंखा बंद करण्याआधी बहिणीकडे बघतात.

या वन्संची एक जुनी गाडी आहे. गोल बॉनेटची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली, आकाशी निळी. टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत बाकीच्या गाड्या बटण दाबून सुरू होतात. हिला आधी चोक ओढावा लागतो, मग थोडी समजूत घालावी लागते. मागच्या वर्षी या गाडीला एक विचित्र खोड लागली. सकाळी झकास सुरू व्हायची, दमणगंगेवरच्या अथालच्या पुलापर्यंत झोकात जायची आणि तिथे दोन आचके देऊन बंद पडायची. अर्धा तास तशीच उभी ठेवली की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा चालू.

ज्याने त्याने एकच निदान केलं: कार्बोरेटर. यजमान म्हणाले, शेजारी म्हणाले, दूधवाल्यानेही सांगून टाकलं. अथालच्या मेकॅनिकने तर बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि हळहळून म्हणाला, "बेन, कार्बोरेटर पती गयुं." म्हणजे संपला. काढून दुसरा बसवू म्हणत होता. वन्संनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. वर्गात काही हरवलं की सगळे ज्या एका पोराकडे बघतात त्याच्या बाजूने आपण नोकरीभर उभ्या राहिलो, असं त्यांनी त्याला तिथेच ऐकवलं. पुरावा मिळेपर्यंत कार्बोरेटर जागेवरून हलणार नाही.

पुराव्यासाठी मात्र तो हलला, आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. त्याच्यातला पितळी फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, वन्संनी माझ्या पातेल्यात कोमट पाण्यात बुडवून ठेवला. भोक असेल तर बुडबुडे येतील. आले नाहीत. बारीक भोकांच्या जेट त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात एकेक पारखल्या, सगळ्या स्वच्छ. त्या आठवड्यात आमच्या चहालाही पेट्रोलचा वास येत होता. मी तसं बोलून दाखवलं, तर प्रयोग चालू असताना असल्या तक्रारी करायच्या नसतात, असं मला समजावण्यात आलं. सगळं जोडून झालं, गाडी निघाली, आणि पुलावर बंद पडली.

मग एका संध्याकाळी परत येताना ती कॉलनीच्या फाटकातच बंद पडली. कारखान्यांच्या बसमधून उतरलेली माणसं, मागे स्कूटर, रिक्षा, सगळं तुंबलं. सोसायटीची बैठक भरली. अध्यक्ष धुळ्याकडचे, मऊ स्वभावाचे. त्यांनी चाचरत सांगितलं की न चालणाऱ्या गाडीला जागा देता येणार नाही, असं सगळ्यांचं मत पडतंय. वन्सं उठल्या. येत्या रविवारी आपण अथालचा पूल ओलांडून परत येऊ, अध्यक्षांनी साक्षीला मागच्या सीटवर बसावं, आणि नाही जमलं तर भंगारवाल्याला आपणच बोलावू, असं त्यांनी जाहीर केलं. इतकी कडक शिक्षा कुणी मागितलीच नव्हती. घरी आल्यावर मी म्हटलं, वन्सं, हे कशाला कबूल केलंत? त्या रात्री वन्सं नीट जेवल्या नाहीत.

रविवारी वन्सं चालवत होत्या, मी शेजारी, अध्यक्ष मागे; गाडी पुलाच्या मध्यावर पोचली आणि दोन आचके देऊन थांबली. मागून ट्रक हॉर्न वाजवू लागले. अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, राहू द्या आता." वन्सं उतरल्या. कार्बोरेटरकडे त्या वळल्याच नाहीत. पेट्रोल तरी आहे ना ते बघायला मागे जाऊन टाकीचं झाकण त्यांनी फिरवलं, आणि सुस्स करून हवा आत ओढली गेली. आम्हा तिघांनाही ते ऐकू आलं. झाकण हातात धरूनच वन्सं वळल्या. मग मला म्हणाल्या, चावी फिरव. मी फिरवली. अर्धा तास थांबावं लागलं नाही. गाडी तिथल्या तिथे सुरू झाली.

टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी तिथे हवा शिरावी लागते, नाहीतर पेट्रोल पुढे सरकत नाही. त्यासाठी झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. खोड लागण्याच्या थोडं आधी गाडीला नवा रंग देताना रंगारी झाकण सोडून देत होता, पण तेही निळंच हवं म्हणून वन्संच अडून बसल्या होत्या, आणि त्या रंगात भोक बुजलं होतं; अर्धा तास उभी ठेवली की कडेच्या फटीतून जेमतेम हवा शिरायची. त्यांनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि उभ्या उभ्या ते मोकळं केलं. मग मागच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चूक माझी. रंग मी द्यायला लावला. पण कार्बोरेटर निर्दोष आहे, हे आधी मान्य करा."

अध्यक्षांनी मान्य केलं. पुलावरून निघण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

गाडी अजून आमच्या घराखाली उभी असते. अलीकडे वन्संना कमी ऐकू येतं. कानात यंत्र घालायला त्या तयार नाहीत. लोक आधीच पुष्कळ बोलतात, त्यात ते मोठ्याने कशाला ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर हरले, भाऊही हरला. पण गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि चावी माझ्या हातात दिली. स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या. मी चोक ओढला, गाडी सुरू झाली. त्या पुढच्या काचेतून बाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "आवाज बरोबर येतोय ना गं?"

बरोबर येतोय, मी म्हटलं. कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही.