आपांचा टाइमआउट

आमच्या ऑफिसात कुणी भांडायला लागलं की नसीमाआपा चष्मा कपाळावर सरकवत, एक तळहात आडवा धरत आणि दुसऱ्या हाताची बोटं खालून त्याला टेकवत. "टाइमआउट! आधी पाणी प्या, मग एकमेकांचा गळा धरा." समोर रजिस्ट्रार असो की चहावाला, सगळ्यांना एकच न्याय. आणि माणूस खरंच गप्प बसे. मी शेजारच्या टेबलावर. माझी जीभ जरा तिखट, त्यामुळे हा प्रसाद मला सगळ्यात जास्त मिळायचा.

आपा मूळच्या दापोलीकडच्या. नवऱ्याबरोबर आखातात आल्या, तो गेल्यावरही राहिल्या, आणि अजमानच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी विभाग सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले. अमेरिकन फुटबॉलची टीम त्यांच्या गळ्यात पडली ती दुसरं कुणी घेईना म्हणून. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या, हातात लांबुळका चेंडू, आणि एकमेकांवर धाडधाड आपटायचं! याला फुटबॉल का म्हणतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपांनाही कळलं नव्हतं. पण प्रत्येक सरावाला छत्री घेऊन त्या हजर. ती टाइमआउटची खूणही त्यांनी तिथूनच उचलून ऑफिसात आणली.

पहिल्या मॅचला तर कमालच झाली. आमची पोरं मैदानात रिंगण करून, माना खाली घालून, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. ती पुढची चाल ठरवत होती. आपांना वाटलं, दुआ चालली आहे. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, हात वर केले आणि मला कोपराने ढोसलं. "सावंत, उभे राहा ना! पोरं अल्लाकडे मागतायत." मी मुकाट्याने उभा राहिलो. रिंगण सुटायच्या वेळी आपा मोठ्याने 'आमीन' म्हणाल्या आणि मैदानात हशा पिकला. पुढे मात्र पोरांनी ती पद्धतच करून टाकली. चाल ठरली की आपांकडे बघायचं, 'आमीन' ऐकायचं आणि मगच पांगायचं. केरळचा जॉर्जसुद्धा त्याशिवाय हलायचा नाही.

एवढं करून आम्ही हरत होतो, तो भाग वेगळा. शेवटी मॅनेजमेंटने सांगून टाकलं, या सीझनला एकही मॅच जिंकली नाही तर टीम बंद. त्या मीटिंगमधून आपा लालबुंद होऊन बाहेर आल्या. "कँटीनमध्ये बघा जाऊन. इजिप्तची पोरं एका टेबलाला, सुदानची दुसऱ्या, आपली तिसऱ्या. साऱ्या कॉलेजात ही एकच जागा आहे जिथे सगळी डोक्याला डोकं लावून उभी राहतात. ती बंद करणार? मी असेपर्यंत नाही, इन्शाल्ला."

शेवटची मॅच आली ती नेमकी रमजानात, शारजाच्या एका कॉलेजशी. दुपारी सुरू करून इफ्तारच्या आत संपवायची असं ठरलं होतं. पण मैदानावर अ‍ॅम्ब्युलन्स आल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, आणि अ‍ॅम्ब्युलन्स शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. सगळंच लांबलं. सूर्य टेकला तरी शेवटचा डाव चाललेलाच. आम्ही चार गुणांनी मागे होतो, पण चेंडू आमच्याकडे होता आणि पोरं रेटत रेटत पुढे निघाली होती. एकदा चेंडू रेषेपार नेला की जिंकलो! या खेळात घड्याळ सतत पळत असतं. ते थांबवायला प्रत्येक संघाला एकेका मिनिटाचे मोजके टाइमआउट मिळतात. समोरच्यांचे संपले होते. आमचा एकच उरला होता, आणि कोचने तो अगदी शेवटासाठी जपून ठेवला होता.

तेवढ्यात शेजारच्या मशिदीत अजान झाली.

"कोच, टाइमआउट घ्या," आपा म्हणाल्या.

कोच कॅनडाचा, भला माणूस. तो काकुळतीला आला. "मॅम, थोडीच मिनिटं राहिलीत. आता हा वापरला तर शेवटी घड्याळ थांबवायला काही उरणार नाही."

"खेळातलं तुम्हाला कळतं. पण रोजा सोडायला उशीर करायचा नसतो, एवढं मला कळतं."

आणि त्यांनी मैदानाकडे तोंड करून तळहात आडवा धरला. आमचा कप्तान युसुफ. त्याने कोचकडे पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि पंचांकडे वळून तीच खूण केली.

खजुराचे डबे तयारच होते. ते आपांनी आधी समोरच्या संघाकडे धाडले. "त्यांच्याकडे टाइमआउट नाही, आधी त्यांना. यल्ला, पळा!"

मी भडकलो. "आपा, अहो त्यांना हरवायचंय आपल्याला!"

"पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही पोरांच्या पोटात. डबा उचला, सावंत."

उचलला, काय करतो! पळत गेलो आणि परक्या पोरांच्या तळहातांवर खजूर ठेवत सुटलो. हेल्मेटं गवतावर पडली होती, आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या बाटल्यांतलं पाणी पीत होती.

मग खेळ सुरू झाला आणि व्हायचं तेच झालं. रेषा हातभर राहिली असताना युसुफला पाडलं. घड्याळ थांबवायला आमच्याकडे काही नव्हतं. हरलो. टीम बंद झाली. कॉलेजात लोक तोंडावर म्हणाले की आपांनी खजुरापायी टीम घालवली. त्या लोकांचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. हेल्मेटं स्टोअरमध्ये ठेवताना आपा रडल्या. मी विचारलं, "पुन्हा तशीच वेळ आली तर?" नाक पुसत म्हणाल्या, "पुन्हा घेईन टाइमआउट. पण वाईट वाटतंय हो, फार वाईट वाटतंय."

त्याच उन्हाळ्यात त्या रिटायर झाल्या. व्हिसा संपला, गावी जायचं ठरलं. मी आणि बायको त्यांना शारजा विमानतळावर सोडायला गेलो. ट्रॉली ढकलत त्या आत जायच्या दारापाशी पोचल्या आणि मागून आरडाओरडा ऐकू आला. आमची पोरं होती, जर्सी घालून. आणि त्यांच्याबरोबर शारजाची पोरंही, त्यांच्या जर्सीत! त्यांचा कप्तान धापा टाकत पुढे आला.

"आपा, तुमचा एक टाइमआउट आमच्याकडे राहिलाय. तो द्यायला आलोय."

दोन्ही संघांनी एकदम तळहात आडवे धरले. आपांनी ट्रॉली सोडली. पोरांनी त्यांच्याभोवती रिंगण केलं, माना खाली घातल्या, खांद्याला खांदा लावला, आणि दोन रंगांच्या जर्सींमध्ये आपा दिसेनाशा झाल्या.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"दुआ," मी म्हटलं, आणि हात वर केले.

आतून 'आमीन' ऐकू आलं. मग थोड्या वेळाने, "खलास रे बाबांनो, मिनिट संपलं. सोडा मला, विमान जाईल."

कुणीही जागचं हललं नाही.