लेकीच्या घरचं पाणी

काल सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर इंजिनियरनं स्वच्छ केलेलं पाणी ग्लासात वर धरून दाखवलं, आणि मला ताईच्या हातातला पितळी पेला आठवला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बाबा नगरपालिकेत होते. शहरातली गटारं नदीत सोडायचं काम त्यांनीच हट्टानं करून घेतलं होतं. ताईचं सासर त्याच नदीवर, खालच्या अंगाला. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाणी पीत नाही, अशी आमच्याकडची रीत. बाळंतपण आटोपून ताई सासरी परतली, तेव्हा बाबा मला घेऊन पहिल्यांदाच तिच्याकडे गेले. नदीच्या वाळूत झिरा खणून भरलेलं पाणी तिनं हौसेनं आणलं.

"आता तं प्या, बाबा. नातू झाला ना तुमाले!"

पाणी नितळ होतं, पण वास आमच्या गटाराचा होता. बाबांनी पेला ओठांपाशी नेला आणि खाली ठेवला.

"राहू दे, माय. मी हा नेम जलमभर पाळीन."

सासूसमोर ताईची मान ताठ झाली. तिनं तोच पेला उचलून घटाघटा रिकामा केला. बाबांनी तिला थांबवलं नाही. मग पदर सावरून तिनं बाळाला अंगावर पाजायला घेतलं.