शेवटची गोळी

लग्नानंतरचा तो माझा दुसरा पाडवा. भोकरदनच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर मला बोलावलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. आमच्या हसनाबादहून एसटीनं जाऊन-येऊन करता आलं असतं. नवरा म्हणाला, "माझं काय न्हाई, पण दादांला तूच इचार." मोठा शूर गडी! बापासमोर त्याची दातखीळ बसते. पाडव्याला सासरे खुशीत असतात, गुढी उभारली की विचारू, असं मी ठरवलं.

सकाळी कडुलिंबाचा कोवळा पाला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मीठ असं सगळं मीच वाटलं. गूळ तेवढा सासूबाईंनी घातला, चिमटीभर. या घराचा एक नेम आहे. त्या वाटणाची गोळी सासरे आपल्या हातानं प्रत्येकाला देतात आणि ती पूर्ण गिळेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर वर्षभर घरात कडू शब्द येतात म्हणे. सुनेचा नंबर सगळ्यात शेवटी, म्हणजे ताटात उरेल ते सगळं तिचं. माझ्या तळहातावर चांगला लिंबाएवढा गोळा आला. मी तो तोंडात कोंबला.

तेवढ्यात सासरे जमलेल्या भाऊबंदांना म्हणाले, "आमच्या सूनबाईनं नोकरीचा इचार सोडला बरं का. घरीच राह्यती म्हन्ली."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो गुढीच्या गाठीकडे टक लावून उभा. म्हणजे नोकरीचं यानंच आदल्या दिवशी बापाला सांगून टाकलं होतं. माझे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, नाही.

"बघा," सासूबाई हसल्या, "लई कडू लागू राह्यलं तिला."

सगळे हसले. लोक मूग गिळून बसतात, मी कडुलिंब गिळला. खरं सांगायचं तर गिळून झाल्यावरही बोलले नाही. तोवर पंगत बसली होती आणि पुरणपोळ्या मलाच लाटायच्या होत्या. सोमवार आला तसा गेला. त्या जागेवर दुसरी कुणी लागली.

आता माझी लेक सहा वर्षांची आहे. यंदा पाडव्याला मी तिच्या कानात सांगितलं, "काही बोलायचं असलं तर आधी बोलून घे. मंग तोंडात घाल."

सासऱ्यांनी गोळी पुढे केली तशी ती सगळ्यांसमोर ठणकावून म्हणाली, "आबा, मला नको."

मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.  मग सासऱ्यांनी माझ्या गोळीसोबत तिची गोळीही माझ्या हातावर ठेवली.

मी दोन्ही खाल्ल्या.